शिवजयंती ते सहा जून : हवाईच्या लोकांकडून पुण्यानं घ्यावं असं काही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा सहा जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक दिन झाला. दरवर्षीसारखीच तुफान गर्दी, आमच्या सोसायटीतली पोरंपण आदल्या रात्रीच बाईक काढून गेली होती. आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, म्हणजे ११ जूनला, पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांवर त्यांच्या राजाचा दिवस असतो, कामेहामेहा राजाचा. माझी मुलगी कामानिमित्त होनोलुलूला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा जून महिना होता म्हणून हा सगळा सोहळा मला जवळून बघायला मिळाला, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात सारखी घोळतेय ती आज लिहितेय. पत्र लांबलंय, पण शेवटी एक विनंती आहे तेवढी नक्की वाचा.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा कारण आपल्याकडे हवाई म्हटलं की बीच आणि फुलाफुलांचे शर्ट एवढंच डोळ्यासमोर येतं. हवाई हे एक स्वतंत्र राज्य होतं. कामेहामेहानं लढाया करून आणि शेवटी तह करून १८१० पर्यंत सगळी बेटं एका राज्यात आणली, त्याच्यापासून धरलं तर एकूण आठ जण त्या गादीवर बसले, शेवटची राणी लिलिउओकलानी. १७ जानेवारी १८९३ ला तिथल्या साखरवाल्या बागायतदारांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून तिला पदच्युत केलं, बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकेवरचे सैनिक त्यांच्या पाठबळाला शहरात उतरले होते. १८९८ मध्ये अमेरिकेनं ती बेटं आपल्यात घेऊनच टाकली. त्याआधी हजारो हवाईयन लोकांनी सह्या करून विरोध नोंदवला होता, २१ हजारांच्या वर सह्या आहेत त्या अर्जांवर, लोकसंख्या केवढीशी ती बघता हा आकडा प्रचंड आहे. १८९३ हे साल आपल्यालाही माहितीचं आहे, त्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि दोन वर्षांनी लोकमान्यांनी शिवजयंती उत्सवाचं काम हातात घेतलं. शनिवारवाड्यावर १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये परक्यांचा झेंडा लागला तेव्हा पुण्याला काय वाटलं असेल ते आपण अजून बोलतो, त्यामुळे होनोलुलूच्या माणसाला १७ जानेवारी ही तारीख का टोचते हे पुणेकराला समजावून सांगावं लागणार नाही.

तर राज्य जाऊन सव्वाशेच्या वर वर्षं झाली, गादी नाही, राजा नाही, आणि तरी ते लोक आपल्या राजाराण्यांना ज्या पद्धतीनं धरून आहेत ते बघून मी खरंच भारावून गेले.

कामेहामेहाचा दिवस त्याच्या नातवानं, पाचव्या कामेहामेहानं, १८७१ मध्ये जाहीर केला. म्हणजे राजसत्ता असतानाचा सण, तो राजसत्ता गेली तरी चालू राहिला आणि १९५९ ला हवाई अमेरिकेचं राज्य झालं तेव्हा त्यांनी ती सुट्टी कायद्यानं ठेवून घेतली. होनोलुलूत जुन्या सरकारी इमारतीसमोर त्याचा मोठा पुतळा आहे, १८८३ सालचा, एक हात पुढे केलेला, अंगावर सोनेरी झूल. त्या पुतळ्याला हार घालतात. आता हार घालणं आपल्याला काय नवीन, एसएसपीएमएस शाळेच्या आवारातल्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला आपण घालतोच, पण तिथला हार कसा तयार होतो ते ऐका. तो मंडईतून ऑर्डर देऊन आणलेला नसतो. लोक स्वतः बसून ओवतात, गटागटानं, म्हाताऱ्या बायका, शाळेतली मुलं, सगळे, हातभर लांब सुईनं. फूल कुठलं तर आपला पांढरा-पिवळा देवचाफा! आपल्याकडे देवळाच्या आवारात खाली सडा पडलेला असतो तोच. एकेक फूल मधोमध सुईत घालून मागे सरकवायचं, जोरात ओढलं तर देठाशी फाटतं, सैल सोडलं तर हार विरळ दिसतो. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी माझा हात धरून दाखवलं, भाषेची काही अडचण आली नाही. असे अनेक हार जोडून माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट लांब माळा होतात आणि मग अग्निशमन दलाची शिडीची गाडी येते, वर चढून जवान त्या माळा पुतळ्याच्या हातावर आणि गळ्यात सोडतात, खाली मंत्रपठण आणि हुला, म्हणजे त्यांचा पारंपरिक नाच, चालू. हार चढल्यावर जो आवाज होतो ना गर्दीतून, त्यात प्रत्येकाला माहिती असतं की त्यातली दोन हात लांबी माझी आहे.

मिरवणुकीत तर बायका बघण्यासारख्या. घोड्यावर बसलेल्या. पाऊ रायडर म्हणतात त्यांना. प्रत्येक बेटाची एक मुख्य स्वार आणि तिच्याबरोबर तिच्या सख्या, प्रत्येक बेटाचा रंग ठरलेला आणि फूलही ठरलेलं: हवाई बेटाचा लाल, ओआहूचा पिवळा, माउईचा गुलाबी, मोलोकाईचा हिरवा, काउआईचा जांभळा. नीहाउ बेटाला फूल नाही, तिथल्या बारीक पांढऱ्या शिंपल्यांच्या माळा असतात. त्यांचा जो घोळदार घागरा दिसतो तो शिवलेला नसतो. बारा वार कापड! अंगाभोवती गुंडाळत, चुण्या घालत नेसवतात, टाचणी नाही, टाका नाही, कंबरेशी कुकुई नावाच्या झाडाच्या सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या टणक बिया आत खोचून त्यावर कापडाला पीळ देतात की ते घट्ट बसतं आणि घोडा दौडला तरी सुटत नाही. मी नऊवारी नेसणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेली, मला ते नेसवणं बघताना अक्षरशः भरून आलं. आणि हे नेसवणं शिकवावं लागतं, त्याचे वर्ग होतात, आई मुलीला शिकवते, मावशी भाचीला शिकवते. एक गोष्ट आवर्जून सांगते, घोड्यांच्या प्रत्येक तुकडीमागे लीद उचलणारी माणसं असतात, त्यांची हातगाडीसुद्धा फुलापानांनी सजवलेली आणि लोक त्यांनाही टाळ्या वाजवतात. मिरवणूक गेली की रस्ता स्वच्छ.

आता मुद्द्याचं. हे सगळं एका दिवसाचं नाहीये. तो दिवस हा वर्षभर चाललेल्या शिकण्याचा शेवट असतो, आणि मला वाटतं आपल्याला हीच गोष्ट त्यांच्याकडून घ्यायचीये.

हुलाचंच घ्या. १८३० मध्ये राणी काआहुमानूनं, ती ख्रिश्चन झाल्यावर, सार्वजनिक ठिकाणी हुला करायला बंदी घातली. पन्नासएक वर्षं तो नाच दबून राहिला, घराघरात, खेड्यापाड्यात, गुपचूप जिवंत राहिला. मग कालाकाउआ राजा आला, हा १८८१ मध्ये जगाच्या सफरीवर निघाला होता तेव्हा कलकत्त्याहून आपल्या मुंबईलाही येऊन गेला, हे किती जणांना माहिती असेल! त्यानं १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यात राजवाड्याच्या अंगणात हुला उघडपणे करायला लावला, मिशनरी मंडळी आणि त्यांची वर्तमानपत्रं चवताळली, त्यानं दाद दिली नाही. १८८६ मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला परत तेच. एका राज्याभिषेकानं एक कला वाचवली असं म्हटलं तरी चालेल. (राजा पुढचा विचार करणाराही होता, १८८७ मध्ये त्याच्या राजवाड्यात विजेचे दिवे होते, तेव्हा वॉशिंग्टनच्या व्हाइट हाऊसमध्येसुद्धा वीज नव्हती.)

त्याच राजाच्या नावानं हिलो गावात दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात मेरी मोनार्क (म्हणजे आनंदी राजा, हे त्याचं टोपणनाव) नावाचा महोत्सव होतो. १९६० च्या त्सुनामीत हिलोची वाताहत झाली होती, गावाला परत उभं करायला काहीतरी करूया म्हणून तो महोत्सव सुरू झाला, आधी साधासुधा होता, १९७१ पासून हुलाची स्पर्धा सुरू झाली आणि आज जगभरातले हवाईयन टीव्हीसमोर बसून ती बघतात. त्यात उतरणारा प्रत्येक संघ म्हणजे एक हालाऊ, आपल्या गुरुकुलासारखा, आणि गुरू सांगेल ते प्रमाण. स्टेजवर मिळतात काही मिनिटं. त्यासाठी महिनोन् महिने तयारी, आणि ती नुसती पावलांची नाही. ज्या राजावरची किंवा ज्या जागेवरची रचना निवडली ती जुन्या भाषेत पाठ करायची, तिचा अर्थ लावायचा, त्या जागी प्रत्यक्ष जाऊन यायचं, अंगावर घालायची पानंफुलं स्वतः रानात जाऊन, परवानगी मागून, गरजेपुरतीच तोडायची, आणि हे सगळं लिहून परीक्षकांना द्यायचं की आम्ही ही रचना का घेतली, वेशाचा हा रंग का. म्हणजे वीस वर्षांची मुलगी स्टेजवर येते तेव्हा तिला आपण कुणाबद्दल नाचतोय हे पक्कं माहिती असतं.

आपल्याकडे नाही का हे? आहे की! गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो तो बघा, नोकरी करून आलेली पोरंपोरी दोन-दोन तास हात सुजेपर्यंत वाजवतात, ती शिस्त म्हणजे हालाऊच आहे. शिवजयंतीला लाल महालापासून सरदार घराण्यांचे रथ निघतात, मर्दानी खेळ होतात, लेझीम असते, पोवाडे असतात. पण त्याच दिवशी आमच्या भागातल्या एका मंडळाची मिरवणूक गेली तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, शेजारच्या काकांना ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते ते कानात कापूस घालून बसलेले, आणि ट्रॉलीवर महाराजांच्या मूर्तीपुढे सिनेमाचं गाणं. नाचणारी मुलं वाईट नव्हती हो, मी त्यातल्या दोघांना लहानपणापासून ओळखते, दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला सहज विचारलं की अरे रथ होते ते कुणाकुणाचे होते, तर त्याला एकाच घराण्याचं नाव सांगता आलं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं, म्हणाला, काकू आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्याचं बरोबर आहे. त्याला महाराजांबद्दल प्रेम ओतप्रोत आहे, पण ते प्रेम कुठल्या कामाला लावायचं हे त्याला आपण दिलेलंच नाही.

होनोलुलूच्या इओलानी राजवाड्याबद्दलही सांगते कारण त्यात लोकांनी काय काय केलंय ते घेण्यासारखं आहे. राणीला पदच्युत केल्यावर राजवाड्यातलं सामान लिलावात विकलं गेलं, खुर्च्या, भांडी, पडदे जगभर पांगले, राजवाड्यात सरकारी कचेऱ्या बसल्या त्या थेट १९६९ पर्यंत. १९६६ मध्ये राजघराण्यातल्याच एका स्त्रीनं पुढाकार घेऊन राजवाड्यासाठी संस्था काढली, दुरुस्ती झाली आणि १९७८ मध्ये तो लोकांसाठी उघडला. सामान शोधणं अजून चालू आहे. कुणाच्या घरात आजोबांनी लिलावात घेतलेली खुर्ची निघते, ते पत्र पाठवतात, खुर्ची परत येते. आत जाताना बुटांवर कापडी पिशव्या चढवायला लावतात, आणि वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आपोआपच सगळे गप्प होतात, कारण तिथे १८९५ मध्ये लिलिउओकलानीला सुमारे आठ महिने कैदेत ठेवलं होतं. तिनं तिथं शिवलेली गोधडी काचेत ठेवलीये. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडलेले, मधल्या चौकोनात हवाईचे झेंडे आणि त्याच्याभोवती टाक्यांनी लिहिलेलं की आम्ही इथं कैदेत असताना ही सुरू केली, तारखेसकट. वर्तमानपत्रं तिला द्यायची बंदी होती, तेव्हा तिच्या बागेतली फुलं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आत पाठवायचे आणि ती तो कागद सरळ करून बाहेरच्या बातम्या वाचायची. मी त्या गोधडीसमोर बराच वेळ उभी होते, एकेक टाका दिसतो हो, काही ठिकाणी दोरा विटलाय.

आपल्याकडेही वस्तू परत यायला लागल्यात याचा मला आनंद आहे. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली, भले तीन वर्षांपुरती असोत, २०२५ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं घेतली, आणि त्याच वर्षी १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरी, राजगड, लोहगड हे तर पुणे जिल्ह्यातले. हे सगळं छान आहे. पण यात सामान्य माणसाच्या हाताला काम काय? आपण रांगेत उभं राहून बघायचं, फोटो काढायचा, झालं.

आणि म्हणून शेवटचं उदाहरण, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. हवाईयन भाषेत १८३४ पासून १९४८ पर्यंत ढीगभर वर्तमानपत्रं निघाली. राजांच्या मृत्यूच्या बातम्या, वंशावळी, लोककथा, वाचकांची पत्रं, मासेमारीचे मंत्र, सगळं त्यात. पण १८९६ च्या कायद्यानं शाळांतून भाषाच काढून टाकली, दोन-तीन पिढ्यांत वाचणारे संपत आले. १९७८ मध्ये भाषेला राज्यघटनेत स्थान मिळालं, १९८० च्या दशकात पालकांनी स्वतः भाषेच्या बालवाड्या काढल्या, आणि मग ही बालवाडीतली पिढी मोठी झाल्यावर प्रश्न आला की एवढी पानं कॉम्प्युटरवर शोधता येतील अशी टाइप कोण करणार. त्यांनी लोकांना हाक दिली. २०११ च्या २८ नोव्हेंबरला काम सुरू आणि २०१२ च्या ३१ जुलैपर्यंत जमेल तेवढं, डोळ्यासमोर साधारण ६० हजार पानं. या तारखा उगाच घेतलेल्या नाहीत. १८४३ च्या ३१ जुलैला ब्रिटिशांनी पाच महिने बळकावलेलं राज्य राजाला परत मिळालं होतं, आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ब्रिटन-फ्रान्सनं त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं. म्हणजे एका राष्ट्रीय सणाला काम सुरू करायचं आणि दुसऱ्या सणापर्यंत चालवायचं. हजारो लोक बसले टाइप करायला, ज्यांना भाषा येत नव्हती तेही, अक्षर बघून अक्षर.

आता आपल्याकडे बघा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायी फिरून कागद जमवले, दफ्तरं उघडली, लोकांनी अडगळीत टाकलेले कागद वाचवले. मोडी वाचणारे मात्र मोजकेच, आणि एकेका जाणकाराच्या आयुष्यात किती कागद वाचून होणार? त्यातच गावोगावच्या वाड्यांत माळ्यावर पडलेले कागद वाळवी खातेय, ते वेगळंच. मोडी काही फार अवघड नाहीये, पुण्यात वर्ग चालतात, मूळ अक्षरं दोनेक महिन्यांत डोळ्याला बसतात, पुढे सराव लागतो हे खरं.

माझं म्हणणं एवढंच की १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला सुरू करायचं आणि ६ जूनला राज्याभिषेक दिनापर्यंत चालवायचं. साडेतीन महिने. शहरातल्या प्रत्येक मंडळानं पाच-सहा मुलंमुली द्यायची, त्यांनी मोडी शिकायची, जाणकारांच्या देखरेखीखाली सोपे कागद देवनागरीत उतरवायचे, खाडाखोड करायला, तपासायला वर माणूस हवाच. मूळ कागदाला हातसुद्धा लावायचा नाही, फोटोवरून काम. पुढच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्या मंडळाच्या ट्रॉलीवर त्यांनी वाचलेल्या कागदाचं मोठं चित्र आणि खाली देवनागरी, कुठल्या गावचा, कुणी कुणाला लिहिलेला. एखादा महसुलाचा हिशेब असेल, एखाद्या बाईची विहिरीच्या पाण्याची तक्रार असेल, काही हरकत नाही, महाराजांच्या आणि पेशव्यांच्या काळातली माणसं कशी जगत होती ते त्यातूनच कळतं. पोवाडा म्हणणाऱ्यानं तोच कागद घेऊन चार ओळी बांधाव्यात. मिरवणूक बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट मिरवणूक हवीच, होनोलुलूला पण ती आहेच, पण तिच्या मागे वर्षाचं काहीतरी उभं असू दे.

काही जण म्हणतील महाराजांची बरोबरी तुम्ही कुठल्या बेटावरच्या राजाशी करताय. बरोबरी नाहीच करत. राजा किती मोठा हे ज्याचं त्याला, माझा विषय लोक आपल्या राजाला कसे सांभाळतात हा आहे. आणि तिकडेही सगळं गोड नाहीये. हॉटेलांत पर्यटकांसाठी नटवलेला हुला असतो, प्लास्टिकचे हार विकले जातात, तिथल्या माणसांना त्याचा त्रास होतो, ते बोलूनही दाखवतात. १७ जानेवारीला राजवाड्याच्या आवारात ते जमतात ते नाचायला नव्हे, काय गमावलं ते आठवायला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं ठराव करून त्या घटनेबद्दल माफी मागितली, पण राज्य परत मिळालं नाही ते नाहीच. तरीसुद्धा त्या आजी चाफा ओवायला येतात.

आता विनंती. आपल्या पेपरमध्ये पुढच्या १९ फेब्रुवारीपासून ६ जूनपर्यंत आठवड्यातून एकदा, एक छोटीशी चौकट द्याल का? त्यात एका मोडी कागदाचा फोटो आणि बाजूला पुण्यातल्या मंडळाच्या मुलांनी केलेलं, जाणकारांनी तपासलेलं वाचन, खाली त्या मुलांची नावं आणि मंडळाचं नाव. नाव छापून येतंय म्हटल्यावर बाकीची मंडळं आपोआप पुढे येतील, पुण्यातली मंडळं एकमेकांपेक्षा मागे राहत नाहीत हे तुम्हाला माहितीच आहे. आमच्या भागातल्या चार जणांनी मोडीच्या वर्गाला जायची तयारी दाखवलीये, त्यात तो रथाबद्दल विचारलेला मुलगापण आहे. वर्गाची फी आम्ही सोसायटीतल्या काही जणींनी मिळून भरायचं ठरवलंय. तपासून देणारं कुणी जाणकार माणूस आपल्या वाचकांमध्ये असेल तर त्यांनी कृपया आपल्यामार्फत कळवावं, दर रविवारी सकाळी बसायला आमच्या सोसायटीचा हॉल मोकळा आहे.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे